बिघाडाचा रकाना

५ जानेवारी २०२६, सोमवार

श्रद्धाने सांगितलं म्हणून लिहितोय. मोबाईलवर दहा मिनिटांचा गजर लावला आहे. नियम सगळे तिचे. पेनाने, हाताने लिहायचं. दहा मिनिटं हात थांबवायचा नाही. खोडायचं नाही. सुचलं नाही तर ‘सुचत नाही’ असंच लिहीत राहायचं. आणि तीस दिवस मागची पानं उलटून बघायची नाहीत. सुचत नाही. सुचत नाही. सुचत नाही. पोरगी नाशिकला हॉस्टेलवर राहून इंजिनिअरिंग शिकतेय की बापाला गृहपाठ द्यायला शिकतेय, कोण जाणे.

हा सगळा उपद्व्याप नवनाथचा. चाकणच्या कारखान्यात माझ्या लाईनवरचा ऑपरेटर. चाकणजवळच्याच गावचा, गावच्या जत्रेतल्या नाटकांत बायकांची कामं करून नाव कमावलेला. युनियनच्या एकांकिका स्पर्धेत त्याने आमच्या प्लांटचं नाव परस्पर देऊन टाकलं, आणि लेखक म्हणून माझं. बारा वर्षांपूर्वी माझ्या एकांकिकेला दुसरं बक्षीस मिळालं होतं, तेवढ्या पुण्याईवर. त्यानंतर मी शिफ्टचं रजिस्टर सोडून एक ओळ लिहिलेली नाही. संहिता दहा फेब्रुवारीला द्यायची आहे. श्रद्धाला म्हटलं, डोकं गंजलंय. ती म्हणाली, “पप्पा, गंज हातानेच निघतो. रोज लिहा.”

अंजली ड्युटीवर आहे. घरात मी आणि फ्रिजची घरघर. गजर वाजला.

६ जानेवारी, मंगळवार

पहिली पाळी. उठलो ४.४५. कंपनीची बस ५.३५, वेळेवर. चाकण ६.२०. लाईन ओके. रिजेक्शन दोन नग. कँटीनला मटकी. घरी ४.००. चहा केला. ओके.

झालं, दोन मिनिटांत संपलं. आठ मिनिटं उरली. आता काय लिहू? सवय दुसरं काय. आमच्या रजिस्टरला सहा रकाने असतात: वेळ, काम, बिघाड, कारण, उपाय आणि शेवटी येणाऱ्या पाळीची सही. कागदावर कुठेही नसलेला पण सगळ्यांना पाठ असलेला नियम असा, की कारण आणि उपाय माहीत असल्याशिवाय बिघाड लिहायचा नाही. लिहिला तर ऑडिटच्या वेळी त्या दोन रिकाम्या रकान्यांवर बोट ठेवून साहेब विचारतो आणि लिहिणाऱ्याचीच शोभा होते. त्यामुळे एकवीस वर्षं मी त्या रकान्यात ‘ओके’ लिहीत आलो आहे. अक्षर मात्र सुंदर. वडील किसनराव मोरे पिंपरीच्या कारखान्यात फिटर होते, ते म्हणायचे, माणूस अक्षरावरून ओळखतात.

९ जानेवारी, शुक्रवार

फ्रिजवर अंजलीची चिठ्ठी. ‘रविवारी घरी आहात का? बोलायचंय.’ मी खाली लिहिलं, ‘रविवारी ओव्हरटाइम. महत्त्वाचं असेल तर फोन कर.’ फोन आला नाही. म्हणजे महत्त्वाचं नसणार.

आम्ही दोघं असेच बोलतो. ती चिंचवडच्या एका हॉस्पिटलात नर्स. तिच्या तीन पाळ्या, माझ्या दोन. या आठवड्यात मी पहाटे निघतो तेव्हा ती झोपलेली असते, मी परततो तेव्हा ती गेलेली असते. भाजी खाली आहे. दूध तापवा. गॅसवाला येईल. सुटे पैसे डब्यात. भांडण नाही, तंटा नाही. कंपनीतले लोक बायकोच्या कटकटीच्या गोष्टी सांगतात तेव्हा माझ्याकडे सांगायला काही नसतं. नशीबवान आहे म्हणतात मला.

११ जानेवारी, रविवार

ओव्हरटाइम झाला. आल्यावर लिहितोय. हात थांबवायचा नाही म्हणून समोर दिसेल ते लिहितो. टेबल. टेबलावर पाण्याची बाटली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याशेजारी आई-वडिलांचे. घड्याळ. घड्याळाखाली एक पांढरी चिठ्ठी, बोटभर. हिच्यावर काहीतरी लिहिलंय, इंग्रजी अक्षरं आहेत पण शब्द इंग्रजी नाही. फ्रिजच्या दारावर पण तशीच. खुर्चीच्या पाठीवर. आरशावर. दारावर. अरे, सगळीकडेच आहेत की. कधीपासून आहेत कोण जाणे. औषधांची नावं असतील. तिची प्रमोशनची परीक्षा असेल बहुधा. हुशार आहे ती, होईल पास.

१३ जानेवारी, मंगळवार

दुसरी पाळी, म्हणून सकाळी लिहितोय. अंजली बाथरूममध्ये काहीतरी पुटपुटतेय. एकच शब्द चार-पाच वेळा, घशातून. बाहेर आली तेव्हा मी विचारणार होतो. पण गजर चालू होता आणि हात थांबवायचा नव्हता. ती दारात जरा वेळ उभी राहिली. म्हणाली, “काय लिहिताय?” मी मान न वळवता म्हटलं, “नाटकाचं.” ती “बरं” म्हणाली आणि चहा ठेवून गेली.

नाटकाचं कसलं, डोंबल. सुचत नाही. सुचत नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

अंजलीने आज मला ओट्याशी उभं केलं. म्हणाली, वरणाला फोडणी कशी द्यायची ते बघा. हिंग कधी, जिरं कधी. मी म्हटलं, “रिटायरमेंटला सतरा वर्षं आहेत माझ्या.” ती हसली नाही. सगळ्या डब्यांवर तिने मराठीत चिठ्ठ्या लावल्या आहेत. मोहरी. जिरे. धने पूड. गॅसचा नंबर कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे, खाली लाईटबिलाची तारीख. घर एकदम लागलं. आमच्या प्लांटला असं काम केलं तर बक्षीस मिळतं. तसं मी तिला सांगितलंही. माझी फोडणी करपली, पण खाल्ली दोघांनी. किती दिवसांनी एकत्र बसून जेवलो. मला बरं वाटलं. ती कमी जेवली.

२० जानेवारी, मंगळवार

आज प्लांटमध्ये वाईट गेलं. गेल्या बुधवारी नवनाथ म्हणाला होता, “भाऊ, चार नंबरच्या प्रेसमधी कायतरी आवाज हाय. रोजचा न्हाई.” मी ऐकलं. मलाही वाटला होता आवाज. पण कारण कळेना, मेंटेनन्सवाल्यालाही कळेना. म्हणून रजिस्टरला ओके. काल तिसऱ्या पाळीत प्रेस अडकली, पाच तास लाईन बंद. कुणाला लागलं नाही, एवढं बरं. सकाळी तिसऱ्या पाळीचे बबनराव हातात रजिस्टर घेऊन माझी वाट बघत थांबले होते. वयाने मोठे, माझ्या वडिलांसोबत संपात बसलेला माणूस. ओरडले असते तर परवडलं असतं. नुसते म्हणाले, “प्रितम, आवाज येतो एवढंच लिहायचं होतं बाबा. कारण आमी शोधलं असतं.”

दिवसभर तेच डोक्यात. संध्याकाळी अंजलीला सांगावंसं वाटलं. ती ड्युटीवर. फ्रिजवर लिहायला चिठ्ठी घेतली. काय लिहू? ‘आज प्रेस बंद पडली, माझी चूक होती, फार वाईट वाटतंय.’ असं फ्रिजवर कोण लिहितं? ‘दूध तापवलं’ लिहिलं.

२१ जानेवारी, बुधवार

सुचलं. दहा मिनिटांचा गजर वाजून गेला तरी लिहितोय. कालच्या त्या चिठ्ठीवरून सुचलं. एक घर, दोन पाळ्या. नवरा-बायको कधी समोरासमोर येत नाहीत, फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर संसार चालतो. रंगमंचावर मधोमध नुसता फ्रिज. तो येतो, वाचतो, लिहितो, जातो. ती येते, वाचते, लिहिते, जाते. विनोदी होईल. लोक फ्रिजला टाळ्या देतील. श्रद्धाची युक्ती लागू पडली म्हणायची. गंज निघाला.

श्रद्धाला फोन केला. म्हणाली, “छान आहे, पप्पा.” मग म्हणाली, “आईशी बोललात का तुम्ही?” मी म्हटलं, “म्हणजे काय, रोजच बोलतो.” तिकडून फोन बंद झाला. रेंज गेली असावी.

२४ जानेवारी, शनिवार

कुरिअरवाला मोठा खोका देऊन गेला, अंजलीच्या नावाचा. तिने माझ्यासमोरच उघडला. आत कोट. जाडजूड, आतून अस्तर, टोपीसकट. उचलला तर दीड किलो भरेल. मी म्हटलं, “एवढी थंडी पिंपरीत कधी पडली?” ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “लागेल.” मी म्हटलं, “ठीक.” कोट घालून ती आरशासमोर उभी राहिली. ओळखूच येईना. मला एकदम परकं वाटलं, दुसऱ्याच्या घरात बसल्यासारखं. का वाटलं ते माहीत नाही. उगाच लिहिलं. खोडायचं नाही म्हणून राहू दे.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन करून आलो. श्रद्धा दोन दिवस आली होती, आज गेली. काल मायलेकी आतल्या खोलीत दार लावून बोलत होत्या. मी बाहेर नाटकाचा दुसरा प्रवेश लिहीत होतो. मधूनच हसण्याचा आवाज, मधूनच काही नाही. मला वाटलं, जाऊन बसावं. पण गेल्यावर काय बोलायचं? त्यांचं बोलणं थांबेल, मी काय चाललंय विचारीन, त्या काही नाही म्हणतील. न गेलेलं बरं.

बसला सोडायला वल्लभनगरला गेलो तर श्रद्धा रडली. परीक्षेचं टेन्शन असेल. तिने मला घट्ट धरलं आणि म्हणाली, “पप्पा, लिहिताय ना? जे दिसतं ते लिहा फक्त.” मी म्हटलं, “तेच करतोय.”

घरी आलो तर कोणी नाही. आज लिहायलाही नको वाटतंय. खरं सांगायचं तर या घरात मला फार एकटं वाटतं. आई गेली तेव्हापासून जास्त. आई चार वर्षं अंथरुणाला होती, अंजलीने तिचं सगळं केलं. ड्युटी करून. मी दारातून यायचो तेव्हा दोघींचं बोलणं चाललेलं असायचं, आईच्या माहेरच्या गोष्टी. आता दारातून आलो की फ्रिज.

३० जानेवारी, शुक्रवार

एकांकिका लिहून झाली. शेवट असा: ती चिठ्ठी लिहिते, ‘साखर संपली.’ तो खाली लिहितो, ‘ओके.’ पडदा. मला आवडला. थोडा फुसका आहे का? असेल. विनोदीत चालतं.

लिहिताना एक गंमत झाली. बायकोचे संवाद आपोआप येत होते, हाताला थांबावंच लागलं नाही. नवऱ्याचे मात्र अडत होते.

२ फेब्रुवारी, सोमवार

पाळी सुटल्यावर कँटीनच्या मागच्या बाकावर नवनाथने संहिता वाचली. बायकोचं काम तोच करणार म्हणून तिच्या ओळी मोठ्याने वाचत होता. सुरुवातीला हसला. मग हसायचा थांबला. शेवटचं पान झाल्यावर परत मागे गेला आणि म्हणाला, “भाऊ, ही बाई जाती कुठं?”

मी म्हटलं, “जाती कुठं म्हणजे? घरातच आहे ती. साखर संपल्याची चिठ्ठी लिहिते.”

“न्हाई राव. हिनं चिठ्ठ्यांतनं नवऱ्याला सैपाक शिकावला. डब्यांवर नावं लिवली. गॅसचा नंबर दाराला चिकटवला. अन् हे, रविवारी बोलायचंय म्हणती, तर हा ओव्हरटाइमला जातो. मला काम करायचंय हिचं, मला कळायला नको व्हय? ही निघाल्याली बाई हाय. सामान आवरती ही.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “तुमाला लिवताना कळलं न्हाई?”

बस चुकली. दुसऱ्या गाडीने आलो.

श्रद्धाचा नियम एक दिवस आधी मोडला. वही पहिल्या पानापासून वाचली. क्वालिटीच्या कामात बिघाड झाला की आम्ही मागची रजिस्टरं काढतो आणि कुठून सुरू झालं ते बघतो. तशी वाचली. चिठ्ठ्या. घशातले शब्द. फोडणी. कोट. श्रद्धाचं रडणं. सगळं माझ्याच अक्षरात, सुवाच्य, आणि मी प्रत्येकाखाली ओके लिहिलेलं. नाटकात मी काहीच रचलेलं नव्हतं. घड्याळाखालची चिठ्ठी काढून मोबाईलला दाखवली. जर्मन आहे, म्हणाला. खुर्चीची पण जर्मन. दाराची पण.

मग दिवाळीच्या आधीचं आठवलं. मी मॅच बघत होतो. ती बाजूला उभी राहून म्हणाली होती, “मुलाखत दिलीय मी, बाहेरच्या हॉस्पिटलची. झालं तर जावं म्हणते.” मी म्हटलं होतं, “बघ तुझं.” बाहेरचं म्हणजे मला इथल्या जवळच्या वाकडचं वाटलं असेल. काहीच वाटलं नसेल.

साडेआठला ती आली. मी वरण केलं होतं, या वेळी करपलं नाही. जेवताना तीन वेळा तोंड उघडलं. एकदा मीठ मागितलं, एकदा पाणी, एकदा काहीच नाही. ती दमलेली होती, लवकर झोपली. बेचाळीस वर्षांचा माणूस मी, स्वतःच्या बायकोला ‘कुठे निघालीस’ विचारता येईना.

३ फेब्रुवारी, मंगळवार. तिसावा दिवस.

वेळ: पहाटे ५.१०.
काम: संसार. वीस वर्षं.
बिघाड: अंजली, तू जाणार आहेस आणि मला ते चिठ्ठ्यांवरून कळलं. मला भीती वाटतेय. आवाज मला फार आधीपासून येत होता. मी लिहिला नाही.
कारण: माहीत नाही.
उपाय: माहीत नाही.
येणाऱ्या पाळीची सही:

(ही वही तुझ्या पर्सखाली ठेवून जातोय. सगळी वाच. मी लपवण्यासारखं काही लिहिलेलं नाही, तेच तर वाईट आहे.)

*

वाचली. पहिल्या पानापासून.

२१ फेब्रुवारीचं तिकीट आहे. तिकडच्या हॉस्पिटलचा दोन वर्षांचा करार. श्रद्धाला मीच गप्प बसायला सांगितलं होतं, तिला रागावू नका. कारण: मलाही पूर्ण माहीत नाही. आजची ड्युटी बदलून घेतली आहे. चारला घरीच आहे. चहा करू नका, मी करते.

अंजली

*

३ फेब्रुवारी, रात्रीचं जेवण झाल्यावर

आज गजर लावलेला नाही.

चारला दार उघडं होतं. चहा तयार होता. वही टेबलावर, तिची सही असलेलं पान वर. आम्ही समोरासमोर बसलो. मग तिनेच सुरू केलं. म्हणाली, “आईंचं करत होते तोवर घरात बोलायला माणूस होतं. त्या गेल्या आणि घरात कुणी उरलंच नाही.”

मी म्हटलं, “मी होतो की.”

“तुम्ही ओके होता,” ती म्हणाली. रागाने नाही. नर्सा पेशंटच्या नातेवाइकाशी बोलतात तशी.

मला राग आला. मग लाज वाटली. मग मी म्हटलं, “जाऊ नकोस.” एवढं म्हणायला मला वीस वर्षं लागली असं वाटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, “हे ऐकायचं होतं मला. दिवाळीत ऐकायचं होतं. पण मी जाणार आहे. मला बघायचंय मला काय काय येतं ते. दीड वर्ष पहाटे उठून शिकलेय मी ही भाषा, तुम्ही बसमध्ये असायचात तेव्हा.” मी विचारलं, परत येणार ना? ती म्हणाली, “दोन वर्षांनी विचारा. रजिस्टरात आत्ताच ओके लिहू नका.”

कंपनीत फोन करून रविवारचा ओव्हरटाइम नको म्हणून सांगितलं. पुढचा पण नको. मग नवनाथला फोन केला, शेवट बदलतोय म्हणून. ती जाते. तो म्हणाला, “लई बेस. मग नवरा काय करतो?” मी म्हटलं, अजून लिहिलेलं नाही, दहा तारखेपर्यंत झालं तर झालं. तो म्हणाला, “वहिनी बऱ्या हायेत ना?” आज पहिल्यांदा मी त्यावर ‘हो, ओके’ म्हटलं नाही. सांगितलं त्याला. ऐकून घेतलं त्याने.

फोन ठेवला तर अंजली चहाच्या कपबशा विसळत होती. मला परत काय बोलायचं ते सुचेना. हात थांबवायचा नाही, हे आठवलं. फ्रिजवरच्या चिठ्ठीवर बोट ठेवून विचारलं, “हे कसं म्हणतात?” तिने सांगितलं. मी म्हटलं. चुकलं. ती हसली, ओले हात साडीला पुसले आणि परत सांगितलं, ओठ कसे करायचे ते दाखवून. पाचव्या वेळी बरोबर आलं म्हणाली, मला काही फरक कळला नाही. मग टेबल. मग घड्याळ, त्यावर फार वेळ गेला. मग आरसा, तिथे दोघं उभे होतो.

चिठ्ठ्या मोजल्या, एकेचाळीस आहेत. दिवस अठरा. जाताना या काढू नकोस म्हटलं. ती म्हणाली, काढणार नव्हतेच. आज खुर्चीपर्यंत आलो. ती दाराकडे वळली तेव्हा मीच म्हटलं, दाराची शेवटी घेऊ.